स्लायडिंगचा मोबाईल

करमाडच्या चौकात एके काळी मोबाईलच्या तीनच जाती होत्या: साधा, फोल्डिंगचा आणि स्लायडिंगचा. कंपनी कोणती, कॅमेरा केवढा, या गोष्टी नंतर. आधी विचारलं जायचं ते एवढंच, की साधा घेतला का स्लायडिंगचा? २००५ ते २०१० च्या दरम्यानची ही गोष्ट. साधा फोन एकसंध, वर पडदा आणि खाली बटणं. फोल्डिंगचा मधोमध मिटायचा. स्लायडिंगचा मात्र काडेपेटीसारखा होता. वरचा भाग अंगठ्याने सरकवला की खालची बटणं उघडी व्हायची, बोलणं संपलं की पुन्हा आत जायची.

मी तो घेतला २००७ च्या दिवाळीत. तेव्हा मी आयटीआयचा फिटर ट्रेड करून शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका सुट्या भागांच्या कंपनीत लागलो होतो. करमाड जालना रोडवर, जिल्ह्याच्या शहरापासून वीसेक किलोमीटरवर. इथूनच लाडसावंगीचा रस्ता फुटतो आणि पिंपरीराजाचाही. मनमाड-सिकंदराबाद लाईनवरचं छोटं स्टेशन, भोवती कापूस, तूर, मोसंबी. शहर आणि गाव यांच्या मधल्या पट्ट्यात शेंद्रा एमआयडीसी उभी राहिली, २००१ साली तिथे स्कोडाच्या गाड्या जुळायला लागल्या आणि त्यांच्या मागोमाग लहानमोठ्या कंपन्या आल्या. कुळवामागे चालणाऱ्या घरांतली पोरं शिफ्टला जायला लागली. पहिल्या पगारांतून घरात काय आलं याची यादी केली तर आईला साडी, बापाला धोतरजोडी आणि स्वतःला मोबाईल, अशीच ती बहुतेक घरांत निघेल.

फोनचा हा आकार मात्र आमच्यापर्यंत पोचायला बरीच वर्षं लागली होती. नोकियाने १९९६ मध्ये ८११० नावाचा किंचित वाकडा फोन आणला. त्यात बटणांवर सरकणारं झाकण होतं आणि ते खाली ओढलं की फोन उचलला जायचा. १९९९ च्या ‘द मॅट्रिक्स’ सिनेमात तोच फोन झटक्याने उघडताना जगाने पाहिला. ती झटक्याची स्प्रिंग सिनेमासाठी बसवलेली होती, खऱ्या ८११० मध्ये ती नव्हती. पुढे नोकियाच्याच ७११० मध्ये तशी स्प्रिंग आली. झाकणाऐवजी फोनचा अर्धा भागच सरकवण्याची कल्पना सीमेन्सच्या एसएल-१० मध्ये दिसली, तीही १९९९ मध्येच. नंतर सॅमसंगने हा आकार खरा लोकप्रिय केला. आमच्याकडे शहरातल्या पैठण गेटच्या दुकानांत काचेमागे जे मांडलेले असायचे त्यांत सॅमसंगचा ई-२५० होता, गाण्यांसाठी नोकियाचा ५३००, एलजीचा चॉकलेट आणि ज्याच्याकडे नुसतं बघून परत यायचं असा नोकियाचा एन-९५. तो तर दोन्ही बाजूंनी सरकायचा. खाली सरकवला की गाण्याची बटणं, वर सरकवला की आकडे.

त्या वर्षांत बोलणं ही मोजून करायची गोष्ट होती. भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला झाला, ज्योती बसूंनी सुखराम यांना केलेला. त्यानंतर कित्येक वर्षं आलेला फोन उचलायलाही पैसे पडत. मे २००३ पासून येणारे कॉल फुकट झाले आणि मोबाईल खऱ्या अर्थाने खेड्यात उतरला. २००६ मध्ये देशभर एका रुपयात मिनिटभर बोलण्याची योजना आली, २००९ मध्ये सेकंदावर पैसे मोजणं सुरू झालं. आमचं महाराष्ट्र सर्कल गोव्याला धरून होतं आणि मुंबई मात्र वेगळं सर्कल. करमाडचा माणूस पणजीत गेला तरी त्याचा फोन घरचाच राहायचा, कल्याण-दादरला उतरला की रोमिंग लागायचं. म्हणून मुंबईला जाणारा माणूस गाडीत बसण्याआधीच सगळ्यांना सांगून टाकायचा, पोचल्यावर मिस कॉल देतो, उचलू नका.

एक रिंग वाजली म्हणजे पोचलो, दोन वाजल्या म्हणजे स्टँडवर घ्यायला ये. अशा खुणा घराघरांत ठरलेल्या होत्या. लिहायचं तर एसएमएस. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावत, देवनागरीत ७० च. काना, मात्रा, वेलांटी हेही त्या सत्तरातच मोजले जात. त्यामुळे आमच्या पिढीने आपली माया, भांडणं, लग्नाच्या तारखा आणि मयतीचे निरोप रोमन अक्षरांतल्या मराठीत पाठवले. मराठी शाळेत शिकलेल्या पोरांची पहिली पत्रं परक्या लिपीत गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

या सगळ्यात स्लायडिंगच्या फोनचं आकर्षण काय होतं? दिसायला तो छान होता, हे खरंच. पण मला तो आवडला तो हातात घेतल्यावर. दिवसभर मशीनवर काम करणाऱ्याचा हात एखादी वस्तू हलवली की आत काय आहे ते ओळखू पाहतो. हा फोन सरकवताना अर्ध्यापर्यंत जोर आपल्याला लावावा लागायचा. मधला बिंदू ओलांडला की पुढचं काम आतली स्प्रिंग करायची आणि वरचा भाग टक् आवाज करून जाग्यावर बसायचा. बंद करतानाही तेच, उलट्या दिशेने. मधे कुठेही तो थांबायचा नाही. बारीक तारेची ती स्प्रिंग मध्यापर्यंत दाबली जाते आणि मध्य ओलांडला की साठवलेला जोर परत देते. कंपनीतल्या एका क्लॅम्पमध्ये हीच युक्ती होती, तळहाताएवढी मोठी. इथे ती खिशात मावत होती.

दोन्ही भाग दोन पातळ रुळांवर चालायचे. वरच्या भागात नखाएवढं लोहचुंबक आणि खालच्यात ते ओळखणारा सेन्सर, त्यावरून फोनला कळायचं की आपण उघडे आहोत की मिटलेले. म्हणूनच तो उघडला की कॉल उचलला जायचा, मिटला की बंद व्हायचा. आमच्या मशीनचा दरवाजा उघडला की मशीन थांबायचं, तिथेही तत्त्व हेच. हे ज्या दिवशी ध्यानात आलं त्या दिवसापासून त्या फोनबद्दल मला वेगळाच जिव्हाळा वाटायला लागला. मोबाईल म्हणजे परदेशातून आलेलं, आपल्या समजेच्या पलीकडचं काहीतरी, असं सगळे मानत. आणि हा फोन मात्र मला फिटर म्हणून ओळख देत होता. यात रूळ आहेत, स्प्रिंग आहे, चुंबक आहे. यात माझ्या विषयाचं काहीतरी आहे.

हलणारी वस्तू झिजते. फिटरच्या धंद्यातलं हे पहिलं सत्य आहे. आमच्याकडे तर झिजवायला सगळंच हजर. उन्हाळ्यात काळ्या रानाची धूळ, पावसाळ्यात चिखल, दिवाळीच्या पुढे कापसाची तूस. वेचणीच्या दिवसांत ती तूस कपड्यांत, केसांत, भाकरीत सगळीकडे जायची, तशी फोनच्या रुळांतही जायची. हळूहळू वरचा भाग डुगडुगायला लागायचा. शॉपफ्लोअरवर आम्ही त्याला ‘प्ले आला’ म्हणतो. प्ले आलेला फोन कानाला लावला की किंचित कुरकुरतो. ते ऐकून कळायचं, आता रूळ पुसले पाहिजेत. जुना दातांचा ब्रश, थोडं थिनर, फुंकर. पुन्हा टक् आवाज पूर्वीसारखा.

पण या फोनचा खरा नाजूक अवयव रूळ नव्हता. पडदा वरच्या भागात, बाकीचं सर्किट खालच्या भागात, आणि दोघांना जोडणारी एक लवचिक पट्टी. पातळ पिवळसर फिल्मवर तांब्याच्या केसाएवढ्या रेघा. फोन मिटलेला असताना ती आत घडी होऊन बसते, उघडताना घडी पुढे सरकते, मिटताना मागे. दर कॉलला, दर एसएमएसला, नुसती वेळ बघायला उघडला तरीही. तांब्याला असं रोज वाकवत राहिलं की एक दिवस त्याच्यात चीर पडतेच. मग पडदा पांढरा होतो. रिपेअरवाले म्हणायचे, स्ट्रिप गेली. कुठल्याही कंपनीचा स्लायडिंगचा फोन असो, त्याचं दुखणं बहुधा हेच.

माझा फोन काही वर्षांनी वडिलांकडे, म्हणजे अण्णांकडे गेला. आमच्या घरात, आणि मी पाहिलेल्या बहुतेक घरांत, मोबाईल मुलाकडून बापाकडे जायचा, जमीन जाते त्याच्या उलट दिशेने. अण्णांना वाचता यायचं, पण बटणं पुन्हा पुन्हा दाबून शब्द जुळवणं त्यांना मानवलं नाही. त्यांना त्या फोनमध्ये एक गोष्ट सापडली, आवाज रेकॉर्ड करण्याची. कापसाच्या वेचणीची मजुरी किलोवर. संध्याकाळी बांधावर काटा लावायचा, प्रत्येक बाईचा कापूस तोलायचा आणि वहीत लिहायचा, हा वर्षानुवर्षांचा रिवाज. वही कधी भिजायची, कधी पेन चालायचं नाही, अंधारात आकडे चुकायचे आणि बाजाराच्या आदल्या दिवशी त्यावरून कुरबुर व्हायची. अण्णा काट्यापाशी उभे राहून फोन उघडायचे आणि मोठ्याने बोलायचे, “आज वरच्या रानात सहा बाया. थोरलीचे बेचाळीस. तिच्या सुनेचे छत्तीस.” मग एकेकीकडे वळून विचारायचे, “बरोबर हाये ना?” त्या “हाव” म्हणायच्या, तेही त्यात यायचं. टक् करून फोन मिटला की त्या दिवसाचा हिशोब पक्का.

एका हंगामात ऐन वेचणीत ती पट्टी गेली. फोन वाजायचा, बोलणं व्हायचं, पण उघडला की पडदा पांढरा. अर्धवट सरकवून धरला की क्षणभर चित्र दिसायचं आणि जायचं. त्या अवस्थेत रेकॉर्डिंग शोधून लावणं शक्यच नव्हतं. वही त्या वर्षी घातलीच नव्हती. सगळ्या बायांच्या घामाचा हिशोब त्या फोनच्या पोटात होता. अण्णा त्या रात्री जेवले नीट, पण बोलले नाहीत. सकाळी एवढंच म्हणाले, “बाया इमानानं बोलतीन, पण मला माझ्या तोंडचंच पाहिजे.”

करमाडच्या दुकानात स्ट्रिप मिळाली नाही. मी शिफ्ट सुटल्यावर पैठण गेटला गेलो. तेव्हाही तिथे एका ओळीत रिपेअरची टेबलं असायची. दिव्याखाली डोळ्याला भिंग लावलेली माणसं, चिमटे, बारीक स्क्रू-ड्रायव्हरांचे संच, गरम हवेचा ब्लोअर आणि चुंबकावर मांडून ठेवलेले तिळाएवढे स्क्रू. एका वयस्कर कारागिराने फोन हातात घेतला, कानाजवळ धरून दोनदा सरकवला आणि उघडण्याआधीच सांगितलं, “पट्टी गई भाई. सेट अच्छा है. अंदर का कहीं नहीं जाता.” मग त्याने फोन खोलला, जुनी पट्टी काढली आणि भिंग माझ्या हातात दिलं. घडी पडायची त्या जागी एक बारीक काळी रेघ होती. तांबं तिथे थकलं होतं. मी आयटीआयमध्ये धातूच्या थकव्याबद्दल शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. प्रत्यक्ष पाहिला तो त्या टेबलावर. त्याने नवी पट्टी बसवली, रूळ पुसले, आणि घडी मोकळी फिरते ना हे चारचारदा बघितलं. मगच स्क्रू लावले.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी ओसरीवर बाया बसल्या. अण्णांनी एकेक दिवस मोठ्या आवाजात लावला. आपापला आकडा आणि आपलंच “हाव” ऐकत त्या मान हलवत होत्या. नोटा मोजून हातात पडल्या. एकीनेही पुन्हा विचारलं नाही. त्या वर्षी आमच्या ओसरीवर झालेला तो सगळ्यात स्वच्छ हिशोब, आणि तो झाला तो दिव्याखाली भिंग लावून बसलेल्या एका माणसाच्या हातामुळे.

हे फोन पुढे झपाट्याने गेले. जानेवारी २००७ मध्ये, म्हणजे मी माझा फोन घेण्याच्याही आधी, अमेरिकेत आयफोन जाहीर झाला होता. फोनचा सगळा दर्शनी भाग पडद्यानेच व्यापला की बटणं लपवायला दुसरा मजला लागत नाही. शिवाय हलणारा भाग नसला की फोन पातळ होतो, धूळपाणी अडवता येतं, जोडणी स्वस्त पडते. कारखान्याच्या हिशोबाने हे बरोबरच आहे आणि मी स्वतः कारखान्यात वाढलो, त्यामुळे मला ते पटतं. नोकियाचा तमिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरचा मोठा कारखाना २००६ मध्ये सुरू झाला आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी तिथलं उत्पादन थांबलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि चौकातल्या त्या तीन जातींचा प्रश्नच मिटला. आता जात एकच.

आजचा फोन झिजत नाही असं वाटतं. त्यात सरकायला काही नाही, कुरकुरायला काही नाही. पण तो तरीही मरतो, आणि त्या जुन्या फोनपेक्षा लवकर मरतो. तो झिजून मरत नाही, त्याची मुदत संपते. नवी सिस्टीम त्यावर चालणार नाही असं कुठेतरी दूर ठरतं. ३१ डिसेंबर २०१८ नंतर नोकियाच्या एस-४० प्रकारच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप चालेनासं झालं. ज्या हातांत ते फोन होते त्या हातांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्या फोनमध्ये तुटलेलं काहीच नव्हतं. झिजलेल्या वस्तूवर इलाज असतो, तो माहीत असलेला माणूस आपल्याच जिल्ह्यात भेटतो, त्याच्या मुलांची फी त्या इलाजावर भरली जाते. मुदत संपलेल्या वस्तूवर इलाज नसतो. तिथे फक्त नवी खरेदी असते.

मला त्या काळातली आणखी एक गोष्ट आठवते. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्यांबद्दल सावधगिरीचा इशारा दिला, चार्जिंगला लावल्यावर त्या तापू शकतात म्हणून. बॅटरीवरचा लांबलचक क्रमांक तपासून बघा, असं सांगितलं गेलं. टीव्हीवर बातमी आली आणि आमच्या चौकात लोकांनी उभ्या उभ्या फोन उघडले. अंगठ्याच्या नखाने मागचं झाकण, बोटाने बॅटरी, आणि एकमेकांना क्रमांक वाचून दाखवणं. घाबरलेले सगळेच होते, पण हतबल कुणीच नव्हतं. स्वतःच्या वस्तूत काय आहे ते बघायला कुणाची परवानगी लागत नव्हती. आज बहुतेक फोनची बॅटरी आत चिकटवलेली असते. असा इशारा उद्या आला तर चौकातल्या एकालाही ती स्वतःच्या हाताने काढून बघता येणार नाही.

जुन्या काळात परत जावं असं मला म्हणायचं नाही. आजच्या फोनवर करमाडचा शेतकरी बाजारभाव बघतो, पीकविमा भरतो, नातीचं तोंड बघतो, आणि हिशोबाचं रेकॉर्डिंगही अधिक चांगलं करतो. मला एवढंच हवं आहे की वस्तू उघडता यावी. हा काही माझा एकट्याचा हट्ट नाही. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्यासाठीचं पोर्टल सुरू केलं. युरोपीय संघाने नियम केला आहे, की फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडले तर, अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता आली पाहिजे. आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात हात तयार आहेत, आयटीआय आहेत, पैठण गेटसारखी टेबलं आहेत. कमी पडतात ते सुटे भाग आणि कंपन्यांची दानत. आणि या दोन्ही गोष्टी गिऱ्हाईक मागेल तेव्हाच मिळतील.

म्हणून नवा फोन घ्यायला जाल तेव्हा कॅमेऱ्याच्या आधी तीन प्रश्न विचारा. याची बॅटरी बदलता येते का? याचे सुटे भाग किती वर्षं मिळतील? आणि याची दुरुस्ती माझ्या गावाजवळ कोण करतो? दुकानदाराला उत्तर येत नसेल तर कंपनीला विचारायला सांगा. आणि घरात पांढऱ्या पडद्याचा एखादा जुना स्लायडिंगचा फोन पडून असेल तर तो भंगारात घालण्याआधी एकदा रिपेअरवाल्याच्या टेबलावर ठेवा. आत कुणाचा तरी हिशोब असेल.